डिपॉझिट पाहावं मागून

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं आपल्याकडे म्हणतात. घर आणि लग्न या दोन्ही गोष्टींना आपल्याला अजून अवकाश आहे (निदान घरच्यांना आपण तसं सांगतो). पण मित्रांनो, रूम सोडताना डिपॉझिट मागायची वेळ मात्र डिग्री हातात पडायच्या आधीच येते. म्हणून त्या म्हणीला मी माझ्यापुरती एक शेपटी जोडली आहे: डिपॉझिट पाहावं मागून!

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी बोलते ते घरचं आणि लिहिते ते फक्त या पानांपुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर डिपॉझिटमधून कापू नये, ही नम्र विनंती.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी सेकंड इयरला आम्हा तिघींचा हॉस्टेलच्या लिस्टमध्ये नंबर लागला नाही. तिघी म्हणजे चंद्रपूर, वर्धा आणि यवतमाळ. हॉस्टेलच्या रिवाजाप्रमाणे गावाचं नाव हेच आमचं नाव. चंद्रपूर म्हणजे मी. चार दिवस उन्हातान्हात फिरून रिंग रोडपलीकडच्या एका ले-आउटमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. भाडं महिन्याला ९,००० रुपये, डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे १८,०००. प्रत्येकी ६,००० काढून दिले. घरमालक रिटायर्ड काका, स्वभावाने तसे बरे. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार झाला, नोटरीचा शिक्का बसला, आम्ही तिघींनी न वाचता सह्या ठोकल्या. ओरिजिनल काकांकडे राहिला. आमच्याकडे एक झेरॉक्स, त्यातलं शेवटचं पान काळं आलेलं.

अकरा महिने चांगले गेले. जूनअखेर खोली सोडायच्या दिवशी काका वही घेऊन वर आले आणि दारातच वाचायला लागले: रंगकाम ८,०००, कूलरमुळे खराब झालेल्या भिंतीचं प्लॅस्टर २,५००, नळ ७००, शेवटचं लाइट बिल १,३४०, मेंटेनन्स ३,०००. एकूण १५,५४०. वहीत घडी करून ठेवलेले २,४६० रुपये त्यांनी आमच्या हातावर ठेवले. म्हणजे प्रत्येकी ८२०.

आम्ही काहीतरी बोलायला गेलो तर काका म्हणाले, "पाहा न बेटा, घर दिलं तेव्हा कसं होतं, अन् आता कसं करून ठेवलं."

घर दिलं तेव्हा कसं होतं? खरा प्रश्न हाच होता, आणि आमच्या तिघींपैकी एकीकडेही त्याचं उत्तर नव्हतं.

माझे आणि वर्धेचे पैसे अडकले तर घरून बोलणी बसली असती, एवढंच. पण यवतमाळला नवीन खोलीचं डिपॉझिट एक जुलैला द्यायचं होतं, आणि ते याच ६,००० मधून द्यायचं होतं. जूनच्या शेवटी कापूसवाल्या घरी पैसे मागायचे नसतात. बियाणं, खत, पेरणी, सगळं त्याच पंधरवड्यात असतं. ती जिन्यात बसून म्हणाली, "मले नको ते पैसे, चला इथून." नवीन खोली हातची गेली, आणि पुढचे तीन आठवडे ती वर्धेच्या मावसबहिणीच्या खोलीत खाली गादी टाकून झोपली. सहा हजार रुपये ही किती मोठी रक्कम आहे, हे मला तेव्हा कळलं.

मग आम्ही अभ्यास सुरू केला. वर्धेची एक मावशी वकील आहे. तिने दोन रविवार आम्हाला चहा पाजून शिकवलं. पुढे लिहिलंय ते त्या अभ्यासाचं सार आहे. परीक्षेला येणार नाही, पण आयुष्यात येईल.

डिपॉझिट म्हणजे कोणाचे पैसे?

मावशीचा पहिला प्रश्न हाच. आम्ही म्हटलं, काकांचे, आम्ही दिले ना! ती हसली. भाडं दिलं की ते मालकाचं होतं. डिपॉझिट दिलं तरी ते आपलंच राहतं, मालकाकडे फक्त हमी म्हणून ठेवलेलं असतं. भाडं थकलं, बिल राहिलं, काही मोडलं, तर त्यातून वळतं करायचं आणि बाकीचं परत द्यायचं. म्हणजे डिपॉझिट मागताना आपण उपकार मागत नाही. पण त्याचबरोबर मालकालाही खऱ्या नुकसानीचे पैसे कापण्याचा हक्क आहे. दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवायची.

आपण भाडेकरू की लायसन्सी?

आपण सगळे स्वतःला भाडेकरू म्हणतो. कागदावर मात्र बहुतेक वेळा आपण असतो 'लायसन्सी'. भाडेकरूला मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे जागेत एक हक्क मिळतो. लीव्ह अँड लायसन्समध्ये फक्त वापरण्याची परवानगी मिळते, जागेत हक्क काहीच नाही. ही व्याख्या १८८२ च्याच ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ मध्ये आहे.

फरक कुठे पडतो? मुदत संपल्यावर लायसन्सी जागा सोडत नसेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तेवढ्या दिवसांचे दुप्पट पैसे भरावे लागू शकतात. म्हणून 'डिपॉझिट देत नाही ना, मग आम्ही पण खोली सोडत नाही' हा आपल्या मुलांचा आवडता फॉर्म्युला अंगाशी येऊ शकतो. दुसऱ्या बाजूने लायसन्सीलाही काही संरक्षण आहे. परवानगी मध्येच काढून घेतली तर सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे (ईझमेंट्स अ‍ॅक्ट, कलम ६३). आपली चूक नसताना, पैसे घेऊन दिलेली जागा मुदतीआधी काढून घेतली तर भरपाई मागता येते (कलम ६४). रात्री दहाला गादी रस्त्यावर टाकणं हे कुठल्याच कायद्यात बसत नाही.

मालक असे का वागतात? थोडा नागपूरचा इतिहास

हा भाग आम्हाला लॅबमधल्या एका सीनियर काकांनी समजावला. त्यांचं स्वतःचं घर महालात आहे आणि त्यात एक फार जुने भाडेकरू आहेत.

नागपूर ही एकेकाळी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरारची राजधानी होती. तिथे १९४९ साली घरभाड्याची एक ऑर्डर निघाली, तिचं नाव सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर. तिच्या कलम १३ प्रमाणे भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागायची. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी आपल्याकडे हीच ऑर्डर चालू राहिली. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा आणि आपल्याकडे ही ऑर्डर, असे एकाच राज्यात तीन कायदे होते! मुंबईच्या कायद्यात तर भाडी १९४० च्या पातळीवर गोठलेली होती. डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे आता वाजवी राहिलेलं नाही असं म्हटलं. शेवटी १९९९ चा एक कायदा सगळ्या राज्यासाठी आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

म्हणजे आपल्या घरमालकांच्या पिढीने आपल्या वडिलांना वर्षानुवर्षं परवानगीसाठी खेटे घालताना पाहिलेलं आहे. 'पोट्टे एकदा घुसले की निघत नाहीत' ही भीती तिथून आली आहे. अकरा महिन्यांचा करार, ओरिजिनल स्वतःकडे ठेवणं, मोठं डिपॉझिट, हे सगळं त्या भीतीचं बारसं आहे. भीती खरी आहे म्हणून आपले पैसे बुडावेत असं नाही. पण समोरचा माणूस कशाला घाबरतो हे कळलं की बोलणं सोपं जातं. आम्हाला तरी गेलं.

अकरा महिन्यांचं गूढ

करार अकराच महिन्यांचा का असतो? कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. बारा नको, अकरा करा, म्हणजे नोंदणीची कटकट नाही. हा शॉर्टकट सगळ्या देशात चालतो.

पण महाराष्ट्रात तो चालत नाही, आणि हे फार कमी मुलांना माहीत असतं. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा असो वा लीव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. महिने कितीही असोत. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोंदवलेला करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे आमच्या त्या नोटरीच्या शिक्क्याने नोंदणीची जागा भरून निघत नव्हती.

नोंदणी महाग आहे का? आमचंच उदाहरण घेऊ. ११ महिन्यांचं भाडं ९९,००० रुपये. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरतात. १८,००० वर ११ महिन्यांचं ते १,६५० होतं. बेरीज १,००,६५०. स्टॅम्प ड्यूटी त्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे साधारण २५२ रुपये. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. ऑनलाइन नोंदणी होते, एजंटकडून करून घेतली तर त्याचे वेगळे. तिघींत वाटले तर सव्वाचारशेच्या आत. एका बर्थडे पार्टीत याहून जास्त जातात.

झीज आणि नुकसान

आता मूळ भांडण. भिंतीचे पैसे कोणी द्यायचे?

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूने जागा घेतली तशी परत द्यावी असं आहे, पण एक सवलत ठेवून: वापरल्याने होणारी वाजवी झीज त्यात धरायची नाही. आपण लायसन्सी असलो तरी हेच तत्त्व करारात लिहून घेता येतं आणि बरेच करार तसे असतातही.

झीज म्हणजे वापरल्याने जे होणारच होतं ते. रंग फिका पडला, नळाचा वॉशर गेला, कडी सैल झाली. नुकसान म्हणजे आपण नीट वागलो असतो तर जे झालं नसतं ते. काच फुटली, बेसिनला तडा गेला, भिंतीत ड्रिलने भोकं पाडली.

नागपूरकरांसाठी खास उदाहरण म्हणजे कूलर. मार्चमध्ये खिडकीत कूलर बसतो आणि जूनपर्यंत तोच आपला देव. आमच्या कूलरच्या टाकीतून पाणी झिरपत होतं. आम्हाला ते दिसत होतं. एप्रिलमध्ये खाली ओल आली, मे महिन्यात प्लॅस्टर फुगलं आणि आम्ही तिथे कॅलेंडर लावलं! मावशीने हे ऐकलं आणि म्हणाली, "याचे पैसे तुम्ही द्यायचे, आणि मान खाली घालून द्यायचे." बरोबरच होतं.

रंगाचं काय? इथे आपल्या सिलॅबसमधलं डेप्रिसिएशन कामाला येतं. रंग चार वर्षं टिकतो असं धरा. ८,००० भागिले ४८ महिने, म्हणजे महिन्याला साधारण १६७ रुपये. आम्ही राहिलो ११ महिने, म्हणजे आमच्या वाट्याचे १,८३३ झाले. हे कलम नाही, हिशेब मांडायची एक रीत आहे. पण घेताना रंग नवीन असेल तरच हा हिशेब लागू. जुना असेल तर आपल्या वाट्याला तेवढंही येत नाही. मग घेताना तो कसा होता? परत तोच प्रश्न.

पुरावा सापडला तो केकमागे

त्याचं उत्तर वर्धेच्या मोबाइलमध्ये निघालं. खोलीत राहायला गेल्यावर आठव्या दिवशी तिचा वाढदिवस होता. फोटोत ती केक कापते आहे, आम्ही दोघी भुतासारखे चेहरे करून उभ्या आहोत, आणि मागे भिंत! रंगाचे पोपडे निघालेले, कोपऱ्यात जुनी पावसाळी ओल, दाराशी आधीच्या कोणाचे तरी खिळे. तारखेसकट. अकरा महिन्यांत घराचा एकही फोटो आम्ही मुद्दाम काढला नव्हता. नशिबाने केक भिंतीजवळ कापला.

मग आम्ही एक पत्र लिहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण नाही, साधं पत्र. कराराची तारीख, डिपॉझिटची रक्कम, खोली सोडल्याची तारीख. काय मान्य: लाइट बिल १,३४० आणि कूलरची भिंत २,५००. काय अमान्य आणि का: रंग, नळ, मेंटेनन्स. सोबत फोटोची प्रिंट. पंधरा दिवसांत उरलेली रक्कम द्यावी ही विनंती. कलम ५५ चा उल्लेख एकाच ओळीत, तोही सौम्य. मावशी म्हणाली होती, "कायदा माहिती म्हणून लिहा, धमकी म्हणून नको." मोठी माणसं 'रजिस्टर एडी करा' असं सांगतात, पण १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. आम्ही स्पीड पोस्टने पाठवलं आणि पोच जपून ठेवली.

आठव्या दिवशी काकांचा फोन आला. गेलो. काकूंनी पाणी दिलं, सरबत नाही. मी सुरुवातच अशी केली, "काका, कूलरचं आमचं चुकलं. ते पैसे कापा." काका एकदम गप्प झाले. मग फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मेंटेनन्स कशाचा, असं विचारल्यावर ते उठले आणि जुनी फाइल घेऊन आले. आमच्या आधी राहणारी मुलं तीन महिन्यांचं लाइट बिल न भरता एका रात्रीत सामान घेऊन निघून गेली होती. इंजिनिअरिंगचीच. "तुमच्याच कॉलेजचे होते," काकू आतून म्हणाल्या.

म्हणजे त्या मुलांचं बिल आमच्या डिपॉझिटमधून वसूल होत होतं!

अर्धा तास बोलणं चाललं. मेंटेनन्स आणि नळ गेले. रंगाचे आठ हजार होते, ते १,५०० वर तुटले. लाइट बिल १,३४०, भिंत २,५००, रंग १,५००, एकूण कपात ५,३४०. आम्हाला १२,६६० परत मिळाले, प्रत्येकी ४,२२०. (आधीचे २,४६० त्यातच धरले.) रंगाचे १,५०० देणं बरोबर होतं का? मला अजूनही वाटतं, नव्हतं. पण यवतमाळ म्हणाली, "आज मिळते ते घे, मले खोली पाहायची आहे." तिच्यापुढे माझा मुद्दा फार लहान होता.

बोलणं फिसकटलं तर

आमचं बोलण्यावर मिटलं. सगळ्यांचं मिटेलच असं नाही. तेव्हा पुढचे रस्ते असे.

एक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. प्रत्येक जिल्ह्यात असतं, आपल्याकडे सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. अनुसूचित जाती-जमातींतल्या आणि अपंग व्यक्तींना, तसंच ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांनाही मिळते. मुलींनो, हे वाचून ठेवा.

दोन, लोक अदालत. केस दाखल व्हायच्या आधीही वाद तिथे नेता येतो, कोर्ट फी नाही. दोघांचं जमलं तर झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही.

तीन, दिवाणी दावा. पैसे वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तेव्हा 'पास आउट झाल्यावर बघू' म्हणत बसू नका.

पोलिसांत जायचं का? डिपॉझिटचा हिशेब हा दिवाणी वाद, पोलीस बहुधा हेच सांगतील. मारहाण, धमकी, सामान अडकवणं असं काही झालं तर मात्र नक्की जा.

दुसरीकडे काय चालतं?

कायद्याने डिपॉझिटला मर्यादा आहे का? आपल्या १९९९ च्या कायद्यात नाही. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टला मंजुरी दिली. त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं आणि जागा ताब्यात घेतानाच हिशेब करून परतफेड असं म्हटलंय. पण नावाप्रमाणे तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही.

एम. एस. साठी बाहेर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून मालकाला डिपॉझिट सरकारमान्य संरक्षण योजनेखाली आणावं लागतं. भांडण झालं तर तिथेच तटस्थ निवाडा होतो. ठरलेल्या मुदतीत हे केलं नाही तर मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पट दंड. आपल्याकडे मात्र भांडणातल्या एका पार्टीच्याच खिशात पैसे असतात. रोग खरा हा आहे. मग आपला बचाव फक्त कागद.

मग करायचं काय? लॅबसारखं

फर्स्ट इयरचं केमिस्ट्री लॅब आठवा. पहिल्या दिवशी लॅब असिस्टंट काय म्हणाले होते? "टेबलावरचं सामान मोजून घ्या. ब्युरेटला तडा असेल तर आत्ताच सांगा. मग सही करा." सेमिस्टरच्या शेवटी तेच रजिस्टर उघडतं. फुटलं त्याचे ब्रेकेजचे पैसे भरायचे, मग नो ड्यूजवर सही, मग कॉशन मनी परत. त्या दिवशी आपण त्या काकांना नावं ठेवली होती. पण डिपॉझिटचा अख्खा कायदा त्यांच्या त्या एका रजिस्टरमध्ये आहे.

खोली घेताना: करार नोंदवून घ्या, पूर्ण वाचा, स्वच्छ प्रत मागा. डिपॉझिट किती, कशासाठी कापणार, किती दिवसांत परत, नोटीस किती दिवसांची, रंग कोणाकडे, हे पाच मुद्दे त्यात असलेच पाहिजेत. डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोखच द्यावं लागलं तर पावती घ्या. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचा फॉर्म मालकाने भरला का ते विचारा. पहिल्या दिवशी, गादी टाकायच्या आधी, प्रत्येक भिंत, नळ, खिडकी, पंखा, बेसिन यांचे फोटो आणि मीटरचं रीडिंग. कागदावर यादी करून दोघांच्या सह्या.

राहताना: काही बिघडलं की त्याच दिवशी मालकाला मेसेज करा. कॅलेंडर लावू नका. कूलरखाली ट्रे ठेवा.

सोडताना: नोटीस लेखी द्या. शेवटच्या आठवड्यात मालकाला बोलावून यादी हातात घेऊन खोली दाखवा. मीटरचा फोटो, बिलाचा हिशेब, आणि किल्ली देताना 'किल्ली मिळाली' एवढं तरी लिहून घ्या.

यंदा मला पुन्हा हॉस्टेल मिळालं. वर्धा आणि यवतमाळ बाहेरच राहतात, एका नव्या खोलीत. यवतमाळने या वेळी पहिल्या दिवशी घरमालकीणबाईंना यादी दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाप्पा, एवढं काय लिहून राह्यली?" यवतमाळ म्हणाली, "काकू, तुमच्यासाठीच. उद्या मी काही मोडलं तर तुमच्याजवळ पुरावा नको का?" काकूंनी हसत हसत सही केली आणि एक तुटलेली कडी स्वतःच दाखवून यादीत लिहायला लावली.

आणि हो, ती तीन महिन्यांचं बिल बुडवून गेलेली मुलं हे वाचत असतील तर एक निरोप. तुमचं बिल आमच्या डिपॉझिटमधून भरलं जाणार होतं. तुम्ही ज्या खोलीतून पळता, तिथे पुढच्या वर्षी आपलाच कुणी ज्युनिअर राहायला जातो.